चुकला का मारला

घोंगडीतला माणूस हलला आणि बंकटची लाथ चुकली. एवढंच झालं. ज्याला सांगावं तो म्हणेल, मग त्यात काय, माणूस आहे, हलणारच. पण नवाबसाहेबांच्या ठाण्याच्या मागच्या खोलीत गेल्या बारा वर्षांत हे कधी झालं नव्हतं. घोंगडीतली माणसं ओरडत, आकसत, देवाचं नाव घेत, एखादा मुतत असे. पण डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला असताना, बरोबर ज्या क्षणी बंकटचा उजवा पाय जमिनीवरून सुटला त्याच क्षणी वीतभर डावीकडे सरकणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. पाऊल बरगडीला निसटतं लागलं आणि मागच्या काळ्या दगडाला घासून अंगठ्याचं सालपट निघालं. ठाण्याचे अंमलदार अमीनसाहेब खुर्चीत बसून दाढीला कंगवा करत होते, त्यांना नीट दिसलं नाही. "क्या हुआ?" त्यांनी विचारलं. "पाय घसरला सायेब. फरशी ओली हाय," बंकट म्हणाला. खोटं इतकं सहज तोंडातून आलं, की ते त्याला जुन्या ओळखीचं वाटलं. अमीनसाहेबांनी कंगवा खिशात ठेवला. आता जेवणं उरका म्हणाले, दुपार कलल्यावर पुन्हा बघू. उद्या सकाळी गाडी जुंपायची आहे, आज दिवस मावळायच्या आत कबुली पाहिजे.

ठाण्याची रीत अशी होती. जो कबूल होत नाही त्याला हौदात भिजवलेल्या घोंगडीत गुंडाळायचं, दोन ठिकाणी दोर आवळायचा, भिंतीला टेकवून बसवायचं आणि मग बंकटला बोलवायचं. दारापासून भिंतीपर्यंत अडीच पावलं. ओल्या लोकरीतून लाथ गेली की कातडी फाटत नाही, काळीनिळी होत नाही. आत मोडायचं ते मोडतं आणि वरून माणूस धुतल्या तांदळासारखा दिसतो. चौथ्या दिवशी आरोपीला मोमीनाबादेहून गाडीने नेकनूरवरून बीडच्या अदालतीत पाठवावं लागे. तिथले डॉक्टर सदरा वर करून पाहत, आणि वळ दिसला तर जहागिरीला जाब विचारत. म्हणून छडी बंद, पट्टा बंद. मारायला काय, ठाण्यातला कुणीही मारू शकला असता. असं मारणं फक्त बंकटला जमे. आश्रुबा जवानाने एकदा हौसेने करून पाहिलं होतं, तर आरोपी राहिला बाजूला, आश्रुबाच आठ दिवस लंगडत होता. बंकटची अट एकच होती आणि ती त्याने पहिल्याच दिवशी घातली होती. मी आत येण्याआधी तोंड झाकलेलं पाहिजे. कोण आहे, काय केलं, मला सांगायचं नाही. लोकांना ही अट म्हणजे त्याची दया वाटे. दया कसली? तोंड पाहिलं की ते पुढे बाजारात भेटतं, एवढाच हिशेब होता.

बाहेरच्या ओट्यावर बसून तो अंगठ्याचं रक्त पुसू लागला. पाय स्थिर होता. पाय कधीच थरथरत नसे, हरामखोर. डोळ्यांना काही दिसत नसताना माणूस बरोबर बाजूला कसा सरेल? कानाने. कानाने सरेल. बंकटची धाव ऐकू येते: दोन पावलं सारखी पडतात, मग डावा पाय जरासा फरफटतो, मग श्वास कोंडतो, आणि श्वास कोंडला की लाथ सुटली. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. आत कोण आहे हे बंकटला कळून चुकलं होतं, तरी त्याने विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला विचारता विचारताच वाटलं.

"आश्रुबा, आत कोण हाय?"

आश्रुबा तंबाखू मळता मळता थांबला. "आं? तू तर कधी इचारत न्हाईस."

"आज इचारतोय."

"पाशा नालबंद. नवाबसायबाची अबलख घोडी मेली न्हवं? त्येच्याच हातची नाल. खिळा पार जिवंत मासात गेलता, पाय सडला, गोळी घालावी लागली. दुसऱ्या जहागीरदाराचे पैसे खाऊन खिळा मुद्दाम मारला म्हंत्यात." आश्रुबाने तंबाखू दाढेखाली सोडली. "म्हातारा लई चिवट हाय बे. तीन दिस झाले, एकच म्हंतोय. खिळा चुकला. चुकला, मारला न्हाई."

बंकटने पायाला चिंधी गुंडाळली आणि उठून चालू लागला. चौदा वर्षं तो पाशाच्या भट्टीसमोरून गेला नव्हता. मोमीनाबादेत राहून नालबंदाची भट्टी टाळायची म्हणजे रोज अर्धा कोस जास्त चालायचं, आणि तो चालला होता. आता मात्र ठाण्याच्या कडुलिंबाखाली पाशाची बायको अकबरी मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन बसली होती, तिला टाळायला दुसरी वाटच नव्हती. ती थकली होती, डोईवरचा पदर मात्र तसाच टापटीप. एके काळी ह्याच बाईने त्याच्या घोट्याला हळद आणि तेल चोळलं होतं, सख्खी बहीण चोळणार नाही असं. तिने मान वर केली, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग चिंधीकडे.

"बंकटभाई, पाँव को क्या हुआ जी?"

तिने ते इतक्या साधेपणाने विचारलं, की त्याला भर उन्हात थंडी वाजली. तिला माहीत नव्हतं. किंवा सगळं माहीत होतं, आणि ह्या बायकांची हीच तऱ्हा असते. "काही न्हाई भाबी, ठेच लागली," तो म्हणाला. दुसरं खोटं. सकाळपासून दोन झाली.

घोडदळाचा रिसाला मोमीनाबाद सोडून गेला तेव्हा मागे रिकामे तबेले, लीद आणि एक फुटबॉल राहिला. बंकट धर्मापुरीचा, बापाच्या गाडीवर बसून रिसाल्याच्या घोड्यांना गवत घालायला यायचा, आणि शिपाई पायाने चामड्याचा गोळा एकमेकांकडे ढकलत धावताना बघून त्याला ही माणसं खुळी वाटायची. हात दिलेत देवाने, तर उचला की. पाशा रिसाल्याच्या नालबंदाचा पोरगा, चार वर्षांनी मोठा, शिपायांत वाढलेला. तबेल्याच्या भिंतीवर चुन्याच्या दोन रेघा ओढून त्यांच्यामध्ये उभा राहायचा आणि म्हणायचा, मार. पहिल्याच दिवशी बंकटने मारला तो चेंडू पाशाच्या पोटात बसला. पाशा दुमडला, लिदीत बसला, आणि श्वास परत आल्यावर पहिला शब्द बोलला तो, "आनिक." पाशाला हवं ते पोरगं सापडलं होतं. पुढे सहा वर्षं रोज ऊन उतरल्यावर तो त्या रेघांमध्ये उभा राहिला आणि बंकट मारत राहिला. अनवाणी. पाशाची दोन बोटं मोडली, एक दात गेला. एकदा दोन बरगड्या गेल्या तर अकबरीच्या हातची पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. धुळीने काही दिसेनासं झालं की तो डोळे मिटून घ्यायचा. "तुजा पाय बोलतो बे, मला बघायचं कामच न्हाई." आणि चेंडू रेघेच्या बाहेर गेला की हात वर करून गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडायचा, "भाईर!" त्या एका शब्दाने बंकटच्या अंगाची लाही व्हायची. पण पाशाने त्याला जे शिकवलं ते ताकदीचं नव्हतंच. ताकद त्याच्यात होती, बैलाची. पाशा म्हणायचा, "मी हाय तितं मारतोस कावून? मला मारून काय भेटणार? मी न्हाई तितं मार. माणूस नसल ती जागा हुडक." ह्या एका वाक्यावर बंकट दहा वर्षं जेवला.

नवाबसाहेबांनी टीम काढली तेव्हा दोघांना बोलावणं आलं. कागदावर बंकट हुजऱ्या होता. हुक्का कसा भरतात हे त्याला आजही माहीत नाही. त्याला शेरभर दूध, मटण, तेल चोळायला माणूस, आणि काम एकच. जालना, औरंगाबाद, बोलारम. जिथे जावं तिथे मैदानाच्या कडेने माणसं ओरडायची, मार बंकट. लाथ मारीन तिथे पाणी काढीन असं लोक नुसतं बोलतात, हा खरंच काढायचा. गोल झाला की छातीत काहीतरी फुटून सांडल्यासारखं व्हायचं, आणि त्याला वाटायचं आपण चांगले आहोत. आपण चांगले माणूस आहोत, असंच वाटायचं त्याला, खेळाडू नव्हे. दोन्हींत फरक असतो हे कळायला त्याला सिकंदराबादेला जावं लागलं.

घरी बायको साखराबाई भाकरी थापत होती. तिने चिंधीकडे पाहिलं आणि पुढचा गोळा परातीत घेतला. तिचा उजवा हात मनगटात वाकडा आहे, त्यामुळे भाकरी थापताना ती कोपर बाहेर काढते. त्याच्या घरच्या भाकऱ्या एका कडेला जाड असतात. ठाण्यात लागला त्या साली एका पहाटे त्याचा पाय झोपेत सुटला होता. शेजारी तिचा हात होता. विहिरीवर पाय घसरला, असं तिने आळीला सांगितलं, आणि त्याने तिला सांगितलं की मी झोपेत होतो, चुकून लागला. तेव्हापासून तिचं अंथरूण समोरच्या भिंतीला. आज त्या जाड कडेचा घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. आपण खरंच झोपेत होतो का? पाय सुटण्याआधी श्वास कोंडला होता का? कोंडला होता. झोपलेला माणूस श्वास कोंडत नाही. आदल्या दिवशी ठाण्यात कुणीतरी त्याला लंगडा सांड म्हणालं होतं आणि ते त्याने घरी आणलं होतं, भाजी आणावी तसं.

"जेवा की," साखराबाई म्हणाली. "कसलं तोंड झालंय तुमचं?"

"पाशाला आणलंय ठाण्यात."

तिचा वाकडा हात परातीत थांबला. मग तिने पीठ झटकलं. "त्येच्या हातचं पाणी प्यालाव तुमी," ती म्हणाली. "आन् तुमी मारणार त्याला?"

"न्हाई मारलं तर उद्या आपण काय खायचं? नवाबाचं घर हाय हे. ही परात बी."

"मी खाण्याचं न्हाई इचारलं," ती म्हणाली आणि पुन्हा थापू लागली. त्याला तिचा राग आला. राग आधी पायात येतो, मांडीच्या आतल्या शिरेत. तो तिथे आला आणि त्याने पाय हाताने धरून ठेवला, एखादं जनावर धरावं तसा. साखराबाईने ते पाहिलं. ती परात घेऊन भिंतीकडे सरकली.

सिकंदराबादेचा तो सामना मानमोडीच्या साथीच्या आदल्या वर्षीचा. समोर पलटणीची टीम, बूट घातलेली, आणि तिच्या बचावाला एक उंच काळा पोरगा, काडीसारखे पाय. बंकटला आयुष्यात पहिल्यांदा माणूस नसलेली जागाच सापडेना. जिथे मारावं तिथे तो आधीच उभा. आणि पोरगा हसायचा. चिडवायला नाही, खेळ आवडतोय म्हणून. अर्धा खेळ संपून सगळे तंबूत आले तेव्हा नवाबसाहेब बालाघाटावरून आलेलं सीताफळ खात होते. एकेक बी जिभेवर फिरवून चांदीच्या ताटलीत टाकत ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "त्या उंच पोराला जरा बसवा. दमला असेल." नोकराने बंकटपुढे बूट ठेवले, नवे, पुढे कडक चामडं असलेले. पाशा कोपऱ्यात पाणी पीत होता. त्याने भांडं खाली ठेवलं आणि मान हलवली. नको. एवढीच मान. बंकटने बूट घातले. हुकूम झाला म्हणून घातले, खाल्ल्या मिठाला जागलो, असं तो पुढे स्वतःला सांगत आला. पण तंबूत नाड्या बांधताना त्याच्या मनात मीठ नव्हतं, नवाब नव्हता. त्या पोराचं हसू होतं. ते त्याला बंद करायचं होतं.

आवाज तुरीची वाळकी तुराटी मोडावी तसा झाला. चेंडू तेव्हा दोन हात लांब होता, ते सगळ्या मैदानाला दिसलं असणार. पोरगा ओरडला नाही. त्याने आपल्या पायाकडे पाहिलं, गुडघ्याखाली जिथे सांधा नसतो तिथे नवा सांधा आला होता, आणि मग बंकटकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखं. त्यानंतर बंकटने दोन गोल मारले. कप मिळाला. छातीत काही फुटलं नाही, सांडलं नाही. परतीच्या गाडीत पाशा समोर बसला होता. उतरायचं स्टेशन जवळ आलं तेव्हा म्हणाला, "एकच सांग. चुकला का मारला?"

"चुकला," बंकट म्हणाला.

पाशा बराच वेळ त्याच्या पायाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी टीमचा सदरा घडी करून कचेरीत ठेवला आणि भट्टी पेटवली. बंकट अजून दोन वर्षं खेळला. मग औरंगाबादेत समोरच्या टीममधल्या दोघांनी मिळून त्याचा डावा गुडघा मध्ये घेतला आणि कायमचा बसवला; कुणी सूड उगवला की खेळातच झालं, कोण जाणे, त्यांनाही कुणी विचारलं असेल, चुकला का मारला. आधीच फरफटणारा पाय आता चांगलाच फरफटू लागला. खाटेवर पडलेल्या बंकटला बघायला खुद्द नवाबसाहेब आले. पांघरूण वर करून त्यांनी गुडघा पाहिला, हळहळले आणि विचारलं, "उजवा शाबूत आहे ना?" त्या आठवड्यात तो ठाण्यात लागला. माणूस नसलेली जागा हुडकणारा पाय, त्याला माणूस बांधून, भिंतीला टेकवून समोर बसवून देऊ लागले. ह्यात कसलं कसब? आंधळ्याने मारलं तरी लागेल. पण लोक म्हणायचे, काय कसब आहे.

दुपार कलायच्या आधीच तो ठाण्यात परतला. आश्रुबाला म्हणाला, पाणी पाजून येतो. आश्रुबाने डोळे बारीक केले आणि किल्ली दिली. कोठडीत पाशा घोंगडी कमरेपर्यंत सोडलेला, भिंतीला टेकून बसला होता. दाढी पांढरी, एका डोळ्यात फूल पडलेलं. सकाळी निसटती लागलेली बरगडी त्याने कोपराने दाबून धरली होती. ही तीच बाजू, पूर्वी अकबरीने पट्टी बांधलेली. बंकटने भांडं पुढे केलं तेव्हा त्याने आधी पायाकडे पाहिलं.

"डावा लई फरफटतो आता," पाशा म्हणाला. "लांबून ऐकू येतंय."

"तुला कळलं तर वरडलास कावून न्हाई?"

"वरडून काय म्हणू? बंकट, मी पाशा हाय, दुसऱ्याला मार?" तो पाणी प्याला, दोन घोटांत एकदा थांबून, कारण श्वास पुरत नव्हता. "किती जण मारलेस बे इथं?"

 बंकटने मोजले नव्हते, तोंडंच नव्हती तर मोजणार काय. "पाशाभाई, म्हणून टाक," तो घाईने म्हणाला. "मुद्दाम मारला म्हण. दोन-चार वर्सं जातील. जीव ऱ्हाईल. तुला म्हाईत न्हाई, ह्या घोंगडीत काय हुतं ते मला म्हाईत हाय."

"खिळा माज्याच हातचा," पाशा म्हणाला. "ह्या डोळ्यानं दिसत न्हाई आता. केसभर आत गेला. मला ठोकतानाच वाटलं हुतं. म्हणलं तीन दिस घोडी बांधून ठेवा, मी खिळा काढून बघतो. धाकट्या नवाबाला शिकारीची घाई. दगडाधोंड्यातून पळवली. तरी मी म्हंतो, चूक माजी. भर अदालतीत म्हणीन. नाक घाशीन. पन मारला म्हणणार न्हाई. तीस वर्सं जनावराचा पाय मांडीवर घेतलाय मी, बंकट. त्ये पाय कसा देतं म्हाईत हाय? समदा भार टाकून देतं आपल्यावर. त्याला मी मुद्दाम..." त्याचा आवाज फाटला. त्याने भांडं खाली ठेवलं. "बाकी ऱ्हाऊ दे. तू मार. तुजं पोट हाय, साखरा हाय. सकाळी हललो ती जुनी खोड, आता हलणार न्हाई. फकस्त त्येच्या आदी माजं एक उत्तर दे. चौदा वर्सं झाली. त्या पोराला चुकला का मारला?"

बंकटच्या तोंडात उत्तर तयार होतं. चौदा वर्षं तोंडात धरून धरून गुळगुळीत झालेलं, सुपारीच्या खांडासारखं. त्याने तोंड उघडलं आणि ते बाहेर येईना. मारला म्हटलं तर बारा वर्षांची सगळी तोंडं घोंगडीतून बाहेर येतील असं त्याला वाटलं, साखराबाईच्या हातासकट. चुकला म्हटलं तर हा माणूस पुन्हा एकदा पायाकडे बघेल. तो भांडं उचलून बाहेर आला. 

सावल्या लांबल्या तेव्हा अमीनसाहेब आले. कारकून कागद, दौत घेऊन कोपऱ्यात बसला. कबुली आधीच लिहून तयार होती, अंगठ्याची तेवढी जागा कोरी. आश्रुबाने ताजी भिजवलेली घोंगडी आणली, गुंडाळलं, दोर आवळले आणि भिंतीला टेकवलं. बंकट आत आला तेव्हा ओल्या लोकरीचा वास आला, मेंढरांचा. बारा वर्षं तो वास आला की त्याचं डोकं रिकामं व्हायचं, आणि तेच बरं असायचं. आज झालं नाही. आज घोंगडीला तोंड होतं. पांढरी दाढी होती, फूल पडलेला डोळा होता. आत कुठेतरी दोन जुन्या बरगड्या होत्या, ज्या त्याने स्वतः मोडल्या होत्या आणि ज्यांच्याबद्दल पाशा फुशारकी मारायचा.

"बंकट, इस बार घसरू नकोस," अमीनसाहेब म्हणाले. "आज काम नाही झालं तर उद्यापासून तुझं काय काम?"

तो दारात उभा राहिला. हलकी मारावी का? नुसतं दाखवायला? पण त्याच्या पायाला हलकं येत नव्हतं. शिकवलंच नव्हतं कुणी. पायाला एकच माहीत होतं, पूर्ण जायचं. अडीच पावलं. घोंगडी हलत नव्हती. दिल्या शब्दाप्रमाणे पाशा डोळे मिटून, कान उघडे ठेवून, जिथल्या तिथे बसला होता, चुन्याच्या दोन रेघांमध्ये उभा राहायचा तसा, फक्त हात बांधलेले. बंकट धावला. पहिलं पाऊल, दुसरं, डाव्याची फरफट. त्याला ती स्वतःला ऐकू आली, पहिल्यांदाच, आणि ती ऐकताना त्याला त्या उंच पोराचं हसू दिसलं, आणि त्याच्या मागे, लांब, तबेल्याच्या धुळीत, कुणीतरी दात पडलेल्या तोंडाने सांगत होतं, मी न्हाई तितं मार. श्वास कोंडला. पाय सुटला. पूर्ण ताकदीनिशी, आयुष्यात मारलेल्या सगळ्या गोलांपेक्षा जोरात, घोंगडीच्या वीतभर उजवीकडे, जिथे कुणी नव्हतं तिथे, काळ्या दगडावर.

आवाज ओळखीचा होता. तुराटीचा. तो पडला तेव्हा ओरडला नाही. पाऊल भलत्याच दिशेला वळून पडलं होतं आणि नखांतून रक्त फरशीवरच्या पाण्यात पसरत होतं. वेदना यायला वेळ लागला. आली तेव्हा ती घोट्यातून मांडीत, मांडीतून कमरेत चढली आणि त्याला तिथेच ओकारी झाली. कारकुनाने दौत उचलून धरली. आश्रुबा "आरं देवा, आरं देवा" म्हणत बसकण मारून बंकटचा पाय धरू पाहत होता.

"चुकला!" अमीनसाहेब खुर्चीवरून उठले होते. "चुकला ना बे? पाणी होतं ना फरशीवर?"

त्यांनीच वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर पट्टी बांधली असती, महिनाभर खाट, मग चावडीवर बसायची एखादी नोकरी. नवाबसाहेब खाल्ल्या मिठाला जागणाऱ्यांना सोडत नसत. बंकटने भिंतीला हात लावून अंग वर घेतलं. त्याला अमीनसाहेब दिसत नव्हते. त्याला घोंगडी दिसत होती.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "चुकला न्हाई. मारला." आणि मग श्वास घेऊन, घोंगडीकडे तोंड करून, "सिकंदराबादेत बी मारलाच हुता. त्या पोराला. बघून मारला."

अमीनसाहेबांची छडी त्याच्या तोंडावर बसली, मग खांद्यावर, मग पुन्हा तोंडावर. त्याच्या अंगावरचे वळ बीडला कुणी बघणार नव्हतं. अमीनसाहेब शिव्या देत मारत होते आणि मारता मारता कारकुनाला विचारत होते की दुसरा कुणी आहे का, आणि कारकून म्हणत होता की नाही हुजूर, असा दुसरा नाही. ओठ फाटला. तोंडात रक्ताची चव आली. बंकटने हात वर केला नाही. ते फटके त्याला लागत होते, चांगलेच लागत होते, आणि प्रत्येक मारासरशी छातीत काहीतरी सैल होत होतं. शेवटी छडीच मोडली. अमीनसाहेब धापा टाकत बाहेर गेले, कारकून अंगठा न उमटलेला कागद घेऊन त्यांच्या मागे. आश्रुबा दोर सोडायचा की नाही ह्या विचारात मधेच उभा राहिला.

खोलीत ओल्या लोकरीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज येत होता. मग घोंगडी हलू लागली. आधी बंकटला वाटलं पाशा रडतोय. मग आतून घुसमटलेला, बरगडी सांभाळत, अडखळत हसण्याचा आवाज आला.

"भाईर," पाशा म्हणाला. "भाईर गेला, बे."

आश्रुबाने खाली वाकून दोराची पहिली गाठ सोडली.